वाचकांचे प्रश्न : कचऱ्यातलं पाणी जातं कुठे?

मार्च-एप्रिलमध्ये या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ‘घरच्या घरी खत कसं सुरू करू?’ असं विचारलेलं असतं. जून सरता सरता ‘हे आता थांबवू कसं?’ अशी पत्रं येऊ लागतात. मुंबईचा पाऊस पाहता ते साहजिक आहे. या वेळचे प्रश्न बाल्कनीतल्या बादलीपासून गणपतीच्या मूर्तीपर्यंतचे आहेत, पण बहुतेकांच्या मुळाशी पाणीच आहे.

घरात चार माणसं. वीस लिटरच्या दोन बादल्यांत आळीपाळीने खत करते. मेपर्यंत छान चाललं होतं. आता कुजका वास येतो, तळाशी काळं पाणी साचतं आणि जाड राखाडी अळ्या झाल्या आहेत. सासूबाई म्हणतात, फेकून दे. वाचवता येईल का? (कांदिवली)

येईल, आणि तेही दोन-तीन दिवसांत. आधी हिशेब पाहा. भाजीची देठं, फळांची सालं, उरलेला भात यांच्या वजनात ७० ते ८० टक्के पाणीच असतं. रोज अर्धा किलो ओला कचरा टाकलात, म्हणजे साडेतीनशे ते चारशे मिली पाणी ओतलंत. एप्रिलमध्ये त्यातलं बरंचसं उडून जातं. जुलैत वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस दमट राहतो, तिथे बादलीतलं पाणी कसं उडणार? ते खाली उतरतं, कचऱ्यातल्या फटी भरून टाकतं आणि आतली हवा संपते. मग हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेविना जगणारे वाढतात. कुजका वास त्यांचा.

पाऊस उघडला की बादली जुन्या गोणपाटावर पूर्ण पालथी करा. वरवर ढवळून उपयोग नाही, बिघाड तळाशी आहे. गोळे फोडा आणि मिश्रण जितकं भरेल त्याच्या निम्मा ते तेवढाच कोरडा माल त्यात कालवा : चुरलेला पालापाचोळा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा, दाबून केलेल्या विटेच्या रूपात मिळतो) किंवा वर्तमानपत्राचे तुकडे. मग मूठभर घेऊन घट्ट पिळा. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर आणखी कोरडा माल हवा. मूठ उघडताच भुगा झाला तर पाण्याचा हबका मारायचा, पण जुलैत ती वेळ यायची नाही.

कोकोपीटच्या बाबतीत एक चूक हमखास होते. विटेच्या वेष्टनावर पाण्यात फुगवून वापरा असं लिहिलेलं असतं, ते कुंडीतल्या रोपांसाठी. इथे आपल्याला पाणी शोषून घ्यायचं आहे, तेव्हा वीट कोरडीच कुस्करा. सुताराकडचा भुसा चालतो, पण अस्सल लाकडाचा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, तो खतात नको.

आता बादली. तळाला सहा ते आठ मिलिमीटरची दहा-बारा भोकं हवीत, बाजूंना दर चार इंचांवर एक. तळाची भोकं चिखलाने बुजतात, ती विणायच्या सुईने मोकळी करा. भरण्याआधी तळाशी दोन इंच नारळाच्या शेंड्या घाला, बादली दोन विटांवर ठेवा आणि खाली ताटली सरकवा. ताटलीतलं काळं पाणी दहापट पाण्यात मिसळून झाडांना देता येतं. त्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर मात्र सरळ मोरीत ओता.

उन्हाळ्यात एक वाटी ओल्याला एक वाटी कोरडा माल पुरतो, पावसाळ्यात एकाला दोन धरा. ओला कचरा टाकण्याआधी जुन्या चाळणीत तासभर निथळत ठेवा. एवढ्याने निम्मी कटकट मिटते. वासावरूनही निदान होतं. सडका वास म्हणजे हवा नाही. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास म्हणजे नत्र फार झालं, म्हणून सुकी पानं वाढवा. आंबट वास भाताचा किंवा पिकल्या फळांचा, तो एकदा उलथापालथ केली की जातो.

राहिल्या अळ्या. त्या बहुधा ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या आहेत. ही माशी चावत नाही, घरमाशीसारखी ताटावर घोंघावतही नाही, आणि तिच्या अळ्या कचरा भराभर संपवतात. पूर्ण वाढलेली अळी कोषात जाण्यासाठी कोरडी जागा शोधत बादलीबाहेर पडते. मग ती बाल्कनीत फिरताना दिसते आणि घरात रण पेटतं. दर वेळी वरून दोन इंच कोरडा थर द्या आणि झाकणाखाली सुती फडकं ताणून बांधा. नवी अंडी पडणं थांबेल आणि असलेल्या अळ्या काम आटोपून जातील.

आमच्याकडे आठवड्यातून तीनदा मासे होतात. कोळंबीची सालं आणि माशांचे काटे खतात घालावेत का? (माहीम)

बेताने घाला. सुक्या पानांत नत्राच्या चाळीस-पन्नास पट कार्बन असतो, तर माशांच्या कचऱ्यात जेमतेम चार-पाच पट. खताचं गणित पंचवीस-तीसच्या आसपास जमतं. म्हणजे ओंजळभर कोळंबीच्या सालांना आवरायला निदान चार ओंजळी सुका पाला हवा. नवीन बादलीत ती घालूच नका. तीन आठवडे चाललेल्या बादलीत मधोमध खड्डा करून आठवड्याला एक मूठ पुरा आणि वर चार इंच कोरडा थर द्या. वरवर टाकलंत तर कावळे आणि मांजरं आधी हजर होतील. काटे त्या मानाने निरुपद्रवी, फक्त खत चाळताना अख्खे सापडतात. चिंबोऱ्यांची कवचं कुटून घातलीत तरच जिरतात. बाकीचा ऐवज कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कचऱ्याची गाडी यायच्या वेळी बाहेर काढा. मासळी बाजारातच कोळणीकडून साफ करून घेतली तर हा प्रश्न घरापर्यंत येतच नाही.

सोसायटीत ११० घरं आहेत. समितीला ‘२४ तासांत खत’ करणारं यंत्र घ्यायचं आहे. काही सभासद म्हणतात की विटांचे कप्पे बांधा. काय योग्य? (चेंबूर)

दरपत्रकं मागवण्याआधी ताणकाटा आणा. रविवार धरून सलग सात दिवस ओला कचरा मोजा. घरटी अर्धा ते पाऊण किलो धरला तर तुमच्याकडे रोज साधारण ६५ किलो निघायला हवा. रोज १०० किलोंहून जास्त कचरा असलेल्या किंवा २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी आवारातच प्रक्रिया करावी, असा मुंबई महापालिकेने २०१७ पासून आग्रह धरला आहे. तेव्हा आपण रेषेच्या कुठल्या बाजूला आहोत, हे कागदावर असू द्या.

चोवीस तासांची यंत्रं बहुतेक करून कचरा तापवून सुकवतात आणि दळतात. हाती येतो तो तपकिरी भुगा खतासारखा दिसतो खरा, पण त्यातलं कुजणं झालेलंच नसतं, फक्त थांबलेलं असतं. कुंडीत घालून पाणी दिलं की ते पुन्हा सुरू होतं : बुरशी, वास, पिवळी पडलेली रोपं. विक्रेत्याकडून मूठभर नमुना मागा. तो ओला करून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर खत, भपकारा आला तर सुकवलेला कचरा. दुसरी चाचणी मेथीची. निम्मी माती आणि निम्मा नमुना मिसळून त्यात वीस दाणे पेरा, शेजारी नुसत्या मातीत वीस. पाच-सहा दिवसांत उगवणीत मोठा फरक दिसला तर माल कच्चा आहे. अशा यंत्राला विजेचं बिल येतं, आणि भुगा महिनाभर मुरवायला जागा लागते ती लागतेच. जागा द्यायचीच असेल तर सुरुवातीपासून कप्प्यांना का देऊ नये, असं आमचं मत.

६५ किलोंसाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच असे सात कप्पे पुरतात. एक कप्पा एक आठवडा चालतो. ढिगारा रोज खचत जातो, त्यामुळे भरला असं वाटतं तरी दुसऱ्या दिवशी जागा झालेली असते. आठवा कप्पा रिकामा ठेवायचा, उलटवलेला माल टाकायला. यापेक्षा लहान कप्पे करू नका, कारण साधारण एक घनमीटर ढीग असल्याशिवाय आत उष्णता टिकत नाही. भिंतीच्या विटांमध्ये फटी सोडा. फरशीला नाल्याकडे उतार द्या. छपराचे पत्रे दोन फूट बाहेर काढा, कारण मुंबईचा पाऊस आडवा येतो आणि सरळ पाऊस गृहीत धरून बांधलेली छपरं पहिल्याच जुलैत फसतात.

ढीग लागला की तीन-चार दिवसांत मध्यभागी ५५ ते ६५ अंश तापमान चढतं. सळई दहा मिनिटं खुपसून बाहेर काढा. हातात धरवली नाही तर सगळं ठीक चाललं आहे. कोमट लागली तर माल फार ओला आहे किंवा ढीग लहान आहे. आठव्या, पंधराव्या आणि पंचविसाव्या दिवशी उलटवायचं. दीड महिन्यात खत चाळण्याजोगं होतं. निघतं ते मूळ वजनाच्या १५ ते २० टक्के, म्हणजे तुमच्याकडे महिन्याला तीनशे-चारशे किलो. सोसायटीची बाग एवढं खात नाही. ते कोण नेणार, हे आधीच ठरवा.

सगळ्या सोसायट्या एक गोष्ट विसरतात : सुका पाला. रोज १२ ते १५ किलो लागतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांचा हिशेब दीड टनावर जातो, आणि पावसात कोरडा पाला कुठेच मिळत नाही. पर्जन्यवृक्ष, बदाम, पिंपळ फेब्रुवारी ते एप्रिल पानं टाकतात. तेव्हाच गोण्या भरून छपराखाली रचून ठेवा. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तशीच चालतात. बदामाची मोठी पानं चुरावी लागतात, नाहीतर ती थाळ्यांसारखी एकावर एक चिकटतात आणि हवा अडवतात.

आणि हे काम वेगळा मोबदला न देता सफाई कामगाराच्या गळ्यात टाकू नका. रोज दोन तास जातात. हातमोजे, गमबूट आणि जास्तीचा पगार यांची तरतूद नसेल तर सहा महिन्यांत कप्पे कचराकुंड्या होतात.

चाळीत दहा बाय बाराची खोली. सुका कचरा साठवायला जागा नाही. शिवाय वेगळा दिला तरी गाडीत सगळं एकत्रच होताना पाहिलं आहे. मग उपयोग काय? (गिरगाव)

गाडीत काय होतं यावर तुमचा ताबा नाही, म्हणून सुका कचरा गाडीपर्यंत जाऊच देऊ नका. भंगारवाला आणि कचरावेचक यांना तो हवाच असतो, अट एकच : कोरडा हवा. आमटी लागलेला पुठ्ठा कोणी घेत नाही, कारण ओला कागद गठ्ठ्यात सडतो आणि आजूबाजूचा चांगला कागदही खराब करतो.

जागेचं म्हणाल तर माळ्यावर काहीच ठेवू नका, तिथे उंदीर होतात. प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या कोपऱ्यात उंच खिळ्याला दोन गोण्या टांगा, एक कागदाची आणि एक प्लास्टिक-धातूची. पंधरवड्याने विका. बाटल्यांतली हवा दाबून काढा आणि मग बूच लावा, म्हणजे बाटली पुन्हा फुगत नाही आणि चौपट माल मावतो.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा पाडू नका, नुसती चीर द्या. तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो. पिशवी अर्ध्या वाटी पाण्याने विसळा, ते पाणी चहात जाऊ द्या, आणि पिशवी चिमट्याने दोरीला लावा. स्वच्छ, सुकी दुधाची पिशवी चांगल्या भावाला जाते. दुधाचा थेंब राहिलेली दोन दिवसांत आंबते आणि अख्खी गोणी बाद करते.

कुठलं प्लास्टिक कुठलं, याची सोपी परीक्षा आहे. तुकडा पाण्यात टाका. शाम्पूच्या बाटल्यांचं, बुचांचं, डब्यांचं प्लास्टिक तरंगतं. पाण्याच्या बाटलीचं बुडतं. वेफर्सची चकचकीत पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे सॅशे यांत प्लास्टिकला धातूचा मुलामा असतो किंवा वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला नाक मुरडतो. कागदी चहाचे कपही रद्दीत चालत नाहीत, कारण आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो.

‘उपयोग काय’ याचं उत्तर मुंबईच्या नकाशावर आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. मुलुंडची २०१८ मध्ये बंद झाली. ओला कचरा ढिगाऱ्याखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं तेव्हा धूर शहरभर पसरला होता. तुमच्या मजल्यावरून गेलेली प्रत्येक कोरडी गोणी त्या ढिगाऱ्याला चुकवते.

गणपतीची मूर्ती पीओपीची आहे. घरीच बादलीत विसर्जन करता येईल का? (लालबाग)

नुसत्या पाण्यात नाही. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, महिनोन्महिने तसंच राहतं. अमोनियम बायकार्बोनेट हवं, बेकरीवाले वापरतात ते. खायचा सोडा घेऊ नका. नावं सारखी वाटतात, पण सोड्यातलं सोडियम झाडांना मारक असतं. अमोनियमच्या द्रावणात प्लास्टरचं रूपांतर खडूच्या भुकटीत आणि अमोनियम सल्फेटमध्ये, म्हणजे खतात होतं. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत लोकांपर्यंत आणली.

मूर्तीच्या वजनाएवढी भुकटी आणि दर किलोला सहा-सात लिटर पाणी घ्या. तीन किलोंच्या मूर्तीला तीन किलो भुकटी आणि वीस लिटर पाणी. वस्त्रं, माळा, दागिने काढून मूर्ती पूर्ण बुडेल अशी ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी लाकडी दांड्याने हलवा. दोन-तीन दिवस लागतात. वायू सुटतो आणि अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून बादली गॅलरीत ठेवा, बंद मोरीत नाही, आणि झाकण घट्ट लावू नका. घरचं तांब्या-पितळेचं घंगाळं काढायचा मोह होईल, पण अमोनिया तांब्याला खातो. प्लास्टिकची बादलीच बरी. वरचं पाणी खत म्हणून वापरायचं तर एका वाटीला पन्नास वाट्या साधं पाणी घाला, नाहीतर मुळं जळतील. तैलरंगाची मूर्ती असेल तर ते तुळशीला किंवा भाज्यांना नको.

हे जमणार नसेल तर कृत्रिम तलाव आहेतच. २०२५ मध्ये सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचं विसर्जन तिथेच करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. शाडूची मूर्ती साध्या बादलीत एक-दोन दिवसांत विरघळते. तो गाळ मोरीत ओतू नका, नळीच्या वळणात बसून घट्ट होतो. फडक्यातून गाळा, वाळवा आणि पुढच्या वर्षी मूर्तीवाल्याला द्या. निर्माल्यातल्या हारांचे दोरे आणि जर काढून पाकळ्या सुक्या पाल्यात विस्कटून मिसळा. एकत्र टाकल्या तर त्यांचा लगदा होतो.

‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या हिरव्या पिशव्या खताच्या बादलीत चालतील का? (ठाकूरद्वार)

नाही. त्यांची चाचणी मोठ्या प्रकल्पातल्या ५८ अंशांच्या आसपासच्या तापमानात, कित्येक आठवडे झालेली असते. तुमची बादली पस्तीस-चाळीसच्या पुढे क्वचित जाते, त्यामुळे पिशवी वर्षभराने तशीच सापडेल. ओल्या कचऱ्याच्या डब्याला वर्तमानपत्राचं अस्तर लावा. दोन पानं आडवी-उभी टाकली की झालं.

आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी रोज पंधरा-वीस लिटर भरतं. त्याचं काय करावं? (भांडुप)

फरशी पुसायला, संडासात, कुंड्यांना वापरा. पण त्याआधी दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर आणून नळाचं पाणी मोजा. टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये. भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी या तलावांतून येणाऱ्या मुंबईच्या पाण्याचा टीडीएस साधारणपणे शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत चालतं. महापालिकेचंच पाणी असेल तर आरओची गरज नाही. यूएफ (अतिसूक्ष्म गाळणीचा) किंवा यूव्ही (अतिनील किरणांचा) फिल्टर पुरतो आणि त्यात पाणी वाया जात नाही. सोसायटी टँकर किंवा बोअरवेलचं पाणी टाकीत मिसळत असेल तर आकडा वेगळा येईल. म्हणून सकाळी नळ आल्यावर एकदा आणि संध्याकाळी टाकीच्या पाण्याचं एकदा, असं दोन्ही वेळा मोजा.